रणगाडे, यांत्रिकी युद्ध आणि लष्कराची बदलती रीत : सोलापुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की आणि लष्करात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीए-सीडीएसच्या परीक्षा तोंडावर आल्या की हे प्रश्न येतातच. विचारणारे कधी अकरावीतले विद्यार्थी असतात, कधी निवृत्त मंडळी, तर कधी नळदुर्गचा किल्ला पाहून आलेले पाहुणे. उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्नात जेवढा जीव तेवढंच उत्तर, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत आटोपली आहेत.

लष्कराची ‘डॉक्ट्रिन’ म्हणजे नेमकं काय? नियमांचं पुस्तक का?

पुस्तक असतं, पण ते नंतर. आधी असते ती साऱ्या सैन्याने मिळून मान्य केलेली लढण्याची रीत. शत्रू समोर आला, निरोप पोचत नाही, वरचा अधिकारी पडला, अशा वेळी शेजारची तुकडी काय करील याचा अंदाज प्रत्येकाला असला पाहिजे. तो अंदाज शिकवून, सराव करून अंगात मुरवतात. मराठीत ‘युद्धसिद्धांत’ म्हणतात, पण बोलताना लष्करातले लोकही डॉक्ट्रिनच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. यंत्र आधी येतं आणि ते कसं वापरायचं हे कळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. त्या मधल्या काळात जो लवकर शिकतो तो जिंकतो, मग त्याचं यंत्र थोडं हलकं असलं तरी चालतं.

मराठ्यांच्या काळात डॉक्ट्रिन होती का?

होती, आणि एक नव्हे तर दोन होत्या. तीच पानिपतावरची अडचण झाली.

गनिमी कावा ही आपली मुरलेली रीत. हलकं घोडदळ, थोडं सामान, शत्रूची रसद तोडायची, अंगावर आला की पसार व्हायचं. सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारदी होता. त्याच्याकडे कवायती पायदळ आणि तोफा होत्या, आणि त्याची रीत ‘गोलाची लढाई’. तोफा-बंदुकांचा गोल बांधायचा, तो न मोडता पुढे सरकायचं, घोडदळाने गोलाच्या आड राहायचं. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण शेजारच्या घोडदळाला थांबून राहण्याची सवय नव्हती. ते गोल सोडून पुढे धावले आणि उलट्या पावली परतले. पुढे गेलेल्या आपल्याच माणसांमुळे तोफांना मारा करता येईना, अशी हकीकत इतिहासकार सांगतात. पराभवाची कारणं इतरही होती: उपासमार, न लढणाऱ्या बुणग्यांचा लवाजमा, तुटलेली रसद. पण तोफा, पायदळ आणि घोडदळ यांनी एकमेकांची गती ओळखून चालायचं असतं, हा यांत्रिकी युद्धाचा पहिला धडा तिथेच दिसतो. तोफेच्या जागी रणगाडा धरा, चित्र फारसं बदलत नाही.

पहिला रणगाडा कधी आणि कुठे वापरला?

१५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, फ्लेर-कुर्सलेत या गावांजवळ. इंग्रजांनी ‘मार्क-१’ जातीचे ४९ रणगाडे आणले होते. त्यांतले बरेच रुतले किंवा वाटेतच बंद पडले. वजन सुमारे २८ टन, आत आठ माणसं, वेग माणसाच्या चालीएवढा आणि आतली उष्णता सोलापूरच्या मे महिन्यालाही लाजवील अशी.

खरा हिशोब पुढच्या वर्षी, कांब्रेला कळला. २० नोव्हेंबर १९१७ ला चारशेहून अधिक रणगाडे एकदम सोडले. आधी दिवसेंदिवस तोफा डागून शत्रूला जागं करण्याची पद्धत होती, ती या वेळी टाळली. जर्मनांची तटबंदी पहिल्याच दिवशी फुटली आणि इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजल्या. दहा दिवसांनी जर्मनांनी उलटा हल्ला करून बहुतेक जमीन परत घेतली. भोक पाडता आलं होतं. त्या भोकातून पुढे कोणी, किती वेगाने, कुणाच्या हुकुमावर जायचं हे ठरलेलं नव्हतं.

मग १९४० साली जर्मनांनी फ्रान्स सहा आठवड्यांत कसा घेतला? त्यांचे रणगाडे चांगले होते म्हणून?

नाही. या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात उलटं चित्र असतं.

फ्रेंच आणि त्यांच्या मित्रांकडे मिळून रणगाडे जर्मनांपेक्षा जास्त होते. फ्रेंचांच्या ‘शार बी-१’चं चिलखत जाड आणि तोफ दणकट होती. स्टोन या गावात १६ मे १९४० ला अशा एकाच रणगाड्याने गावात शिरून जर्मनांचे तेरा रणगाडे उडवले. त्याच्यावर १४० गोळे लागले, एकही आरपार गेला नाही. तरी फ्रान्स हरला.

कारणं तीन. पहिलं, फ्रेंचांनी बरेच रणगाडे पायदळाच्या दिमतीला वाटून टाकले होते, थोडे इथे, थोडे तिथे. जर्मनांनी त्यांचे मूठभर पॅन्झर (रणगाडा) विभाग करून एका जागी एकवटले. त्या विभागांत रणगाड्यांबरोबर मोटारीतलं पायदळ, तोफखाना, पूल बांधणारे इंजिनियर, सगळे एका हाताखाली होते. दुसरं कारण बिनतारी. जर्मन रणगाड्यांत रेडिओ होता, कित्येक फ्रेंच रणगाड्यांत नव्हताच. जर्मन रणगाडा दल घडवणाऱ्यांतला हाइन्झ गुडेरियन हा मूळचा दळणवळण शाखेत काम केलेला अधिकारी, त्यामुळे हे त्याला इतरांआधी दिसलं. शिवाय अनेक फ्रेंच रणगाड्यांच्या बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या टोपीत, एकच माणूस बसे. त्यानेच शत्रू शोधायचा, त्यानेच तोफ भरायची, त्यानेच डागायची आणि हुकूमही त्यानेच द्यायचे. तिसरं, पुढच्या अधिकाऱ्याला ‘काय साधायचं’ एवढंच सांगून ‘कसं’ त्याच्यावर सोडायची जर्मन सवय जुनी होती. फ्रेंच मुख्यालयातून हुकूम निघून आघाडीवर पोचेपर्यंत आघाडीच पुढे सरकलेली असे.

१० मे ला हल्ला सुरू झाला, १३ मे ला सेदांजवळ म्यूज नदी ओलांडली आणि २० मे ला जर्मन रणगाडे समुद्राला भिडले. नदी ओलांडली ती मुख्यतः पायदळाने आणि इंजिनियरांनी, रबरी होड्यांतून. रणगाडे मागून, पूल झाल्यावर आले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे बोरी नदीपाशी उपयोगी पडेल.

‘ब्लिट्झक्रीग’, म्हणजे विजेच्या वेगाचं युद्ध, ही हिटलरची लिखित डॉक्ट्रिन होती ना?

नव्हती. जर्मन लष्कराच्या अधिकृत नियमावलीत त्या नावाचा सिद्धांत सापडत नाही. ते नाव वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलं. आणखी एक: १९४१ साली रशियावर चालून गेलेल्या जर्मन सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. चित्रफितींत फक्त रणगाडे दिसतात. मागून येणारी रसद घोडागाडीवर होती.

रशियाचं नाव या विषयात कमी का ऐकू येतं?

इंग्रजी पुस्तकं जास्त वाचली जातात म्हणून. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्रिआंदाफिलोव आणि तुखाचेव्स्की या रशियन सेनाधिकाऱ्यांनी ‘खोल कारवाई’चा विचार मांडला: शत्रूची पहिली फळी फोडून न थांबता मागची राखीव दलं, रेल्वे, मुख्यालयं एकाच वेळी गाठायची. १९३६ च्या रशियन नियमावलीत तो आला. १९३७ मध्ये स्टालिनने तुखाचेव्स्कीला गोळी घातली आणि त्याच्याबरोबर हा विचारही संशयित ठरला. किंमत १९४१ मध्ये चुकवावी लागली. जर्मनांविरुद्धच्या जून १९४४ च्या ‘बाग्रातिओन’ मोहिमेत तोच विचार पुरा अमलात आला. त्यातल्या पुष्कळ मालमोटारी मात्र अमेरिकन स्टुडबेकर होत्या.

भारतीय घोडदळाने घोडे कधी सोडले?

१९३८ पासून. सिंध हॉर्स ही पहिली. नावं मात्र तीच राहिली, म्हणून आजही पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स म्हणतात आणि पाहणाऱ्याला दिसतात रणगाडे.

पोलीस ॲक्शनमध्ये रणगाडे खरंच सोलापुरातून निघाले होते का?

हो. पोलीस ॲक्शन म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये झालेली लष्करी कारवाई. हैदराबादवरचा मुख्य घाव इथूनच पडला.

योजना दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी आखली होती, म्हणून तिला गोडार्ड योजना म्हणत. दोन मोठे हल्ले ठरले, पूर्वेकडून विजयवाडा आणि पश्चिमेकडून सोलापूर. बाकीच्या दिशांनी लहान तुकड्या. अमलात आणली ती लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या काळात. सोलापूरच्या बाजूची सूत्रं पहिल्या चिलखती डिव्हिजनचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होती. हेच चौधरी १९६५ च्या युद्धात लष्करप्रमुख होते.

सोलापूरच का? नकाशा काढा. मुंबई-मद्रास रेल्वेवरचं मोठं स्टेशन, त्यामुळे रणगाडे, दारूगोळा आणि इंधन गाडीने आणता येतं. शहरापासून थोड्याच अंतरावर निजामाची हद्द. आणि इथून थेट सिकंदराबादला जाणारा सुमारे तीनशे किलोमीटरचा सडक रस्ता.

चौधरींनी सैन्याचे चार गट केले. स्ट्राइक फोर्समध्ये वेगाने पळणारं पायदळ, घोडदळाच्या चिलखती गाड्या आणि हलका तोफखाना. स्मॅश फोर्समध्ये मुख्यतः रणगाडे आणि तोफा. किल फोर्समध्ये पायदळ आणि इंजिनियर. वीर फोर्समध्ये पायदळ, रणगाडाविरोधी तोफा आणि इंजिनियर. नावं जरा भडक आहेत, पण वाटणी नीट पाहा. एकाही गटात नुसते रणगाडे नाहीत. फ्रान्सने १९४० मध्ये जे चुकवलं ते इथे आठ वर्षांनी बरोबर बसवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात लढून आलेले अधिकारी होते हे, त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे कूच झाली. पहिली गाठ नळदुर्गला. आज आपण पावसाळ्यात पाणीमहाल बघायला जातो, तीच बोरी नदी. सातव्या ब्रिगेडने नदीवरचा पूल शाबूत हस्तगत केला. मग दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. पूल उडाला असता तर? सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात पावसाचा महिना. नदीला पाणी, दोन्ही बाजूंना काळी माती. ज्याने भरलेली उसाची ट्रॉली ओल्या रानात रुतलेली पाहिली आहे त्याला तीस टनांच्या यंत्राचं काय होतं ते सांगायला नको. सगळा लवाजमा रस्त्याला बांधलेला होता आणि रस्ता पुलाला. म्हणून पहिलं काम पूल.

सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला होते, दुपारी पुढची तुकडी उमरग्यात. आणखी एक तुकडी तुळजापूरकडे वळली, तिथे रझाकारांनी (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी) आणि निजामाच्या पायदळाने काही वेळ झुंज दिली. दुसऱ्या दिवशी राजेश्वर. पुढे जहीराबादच्या अलीकडे सुरुंगांनी वाट अडवली आणि ते काढण्यात वेळ गेला. वरून टेम्पेस्ट विमानं मदतीला होती. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ तारखेला हैदराबाद शहराबाहेर निजामाचे सेनापती जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

म्हणजे ती मोठी रणगाड्यांची लढाई होती?

नाही, आणि तशी रंगवून सांगूही नये. निजामाच्या नियमित सैन्याकडे भारताच्या तोडीचं काही नव्हतं, रझाकार तर लष्करी शिक्षणाशिवायच उतरलेले. डॉक्ट्रिनच्या दृष्टीने मोल आहे ते वेगाचं, पुलाचं आणि गटांच्या वाटणीचं.

आणखी एक बोलायला हवं, भाषणांत ते सहसा गाळतात. रणगाड्यांचा स्तंभ रस्त्याने पुढे निघून गेला, पण मागची गावं सांभाळायला पुरेसं कुणी नव्हतं. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणी सामान्य मुस्लिम कुटुंबांवर निघाला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं दगावल्याचा अंदाज दिला, आणि धाराशिव जिल्ह्याचं नाव त्यात ठळक आहे. वेगवान कारवाईत मागे जी पोकळी राहते तिचं काय करायचं, हा प्रश्न २००३ च्या इराकमध्येही सुटला नव्हता. युद्धशास्त्र शिकणाऱ्याने नळदुर्गचा पूल जेवढा अभ्यासावा तेवढंच हेही अभ्यासावं.

डोंगरात रणगाडे चालतात का?

काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ ला झोजिलाच्या खिंडीत, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, ७ व्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. बुरुज उतरवून, झाकून, गुपचूप श्रीनगरमार्गे नेले होते. जनरल थिमय्या स्वतः आघाडीवर हजर होते. समोरच्यांना तिथे रणगाडा येईल ही कल्पनाच नव्हती. २०२० मध्ये लडाखमध्ये टी-७२ आणि टी-९० त्याहून उंचावर उभे राहिले. चालतात, पण इंजिनाचा दम कमी होतो, थंडीत इंधन गोठू नये म्हणून वेगळी सोय लागते आणि सुट्या भागांची भूक वाढते.

१९६५ मध्ये पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन रणगाडे उसात अडकले ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी, पण अर्धी सांगतात. खेमकरणजवळ असल उत्तर इथे ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन आली. पॅटन तेव्हा नवा, पल्ला लांब. आपल्याकडे ३ऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, पण डेक्कन हॉर्सचे शर्मन महायुद्धातले, म्हातारे. भारतीय सैन्याने मागे सरकून घोड्याच्या नालासारखी फळी धरली. कालव्यांचं पाणी सोडून शेतं भिजवली. उभ्या उसात रणगाडे दबा धरून बसले. माढा-माळशिरसकडच्या वाचकाला पुरुषभर उंच उसाची ओळख करून द्यायला नको. रणगाड्याच्या टोपीतून डोकं काढून पाहणाऱ्याला पाचटापलीकडे काही दिसत नाही, आणि आत दडलेल्याला इंजिनाचा आवाज मात्र ऐकू येतो. चारशे-पाचशे मीटरवरून मारा झाला की पॅटनचा लांब पल्ला कामाला येत नाही.

४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन टिपत राहिले आणि तिथेच हुतात्मा झाले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. ऊस आणि पाणी ही तयारी होती, नशीब नव्हे. पाकिस्तानी रणगाडे पायदळाला मागे टाकून आले होते हे त्यात जोडा.

या दलात नाव काढलेले मराठी अधिकारी कोण?

पहिलं नाव जनरल अरुणकुमार वैद्य यांचं. असल उत्तरला डेक्कन हॉर्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तिथे महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत १६ वी चिलखती ब्रिगेड त्यांच्या हाताखाली सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे गेली आणि दुसरं महावीर चक्र मिळालं. १९८३ ते १९८६ लष्करप्रमुख. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली.

मराठी नव्हेत, पण सोलापूर-हैदराबाद रस्त्याशी नातं असलेलं आणखी एक नाव: लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. ते आधी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होते, विलीनीकरणानंतर पूना हॉर्समध्ये आले आणि १९६५ मध्ये चविंड्याच्या रणात परमवीर ठरले. पूना हॉर्सचेच दुसरे परमवीर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ ला ते पडले तेव्हा २१ वर्षांचे होते.

रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांत फरक काय?

रणगाड्यात बसणारा रणगाड्यातूनच लढतो. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचा जवान चिलखती गाडीतून रणगाड्यांच्या बरोबरीने येतो आणि गरज पडली की उतरून पायी लढतो. आपल्याकडे ही गाडी म्हणजे बीएमपी-२, नाव ‘सारथ’. तीन जणांचा चमू, मागे सात सैनिक, ३० मिलिमीटरची तोफ, आणि ती पाण्यावर तरंगते.

ही रेजिमेंट २ एप्रिल १९७९ ला उभी राहिली, त्यामागे जनरल सुंदरजींचा आग्रह होता. त्या आग्रहाचं कारण समजायचं तर १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध पाहा. ८ ऑक्टोबरला सिनाईत इस्रायली रणगाडे पायदळ आणि तोफखान्याची पुरेशी साथ नसताना सुसाट निघाले. वाळूत झोपलेल्या इजिप्शियन सैनिकांकडे खांद्यावरचे रॉकेट लाँचर आणि ‘सॅगर’ ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं होती. रणगाड्यांची होळी झाली. गोलाची लढाई मोडून धावलेल्या घोडदळाची आठवण व्हावी असा प्रसंग. पुढे इस्रायलने पायदळ आणि तोफा जोडीला घेतल्या आणि सुएझ कालवा ओलांडला.

अमेरिकेनेही हे युद्ध बारकाईने अभ्यासलं. १९८२ च्या ‘एअरलँड बॅटल’ डॉक्ट्रिनमध्ये विमानं आणि जमिनीवरचं दल यांना एकाच लढाईचे दोन हात मानलं. १९९१ मध्ये इराकविरुद्धचं जमिनीवरचं युद्ध शंभर तासांत आटोपलं ते त्या तयारीवर, आणि त्याआधीच्या पाच आठवड्यांच्या बॉम्बफेकीवर.

‘कोल्ड स्टार्ट’ म्हणजे काय? परीक्षेत नेहमी येतं.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. आपली आक्रमक दलं, म्हणजे मथुरा, अंबाला आणि भोपाळच्या स्ट्राइक कोअर, छावण्यांतून निघून सीमेवर तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर जगभरातून दबाव आला आणि हल्ल्याची वेळ टळली. म्हणून २००४ च्या सुमारास विचार पुढे आला: मोठ्या कोअरची वाट न पाहता, सीमेजवळच्या आटोपशीर एकात्मिक गटांनी काही दिवसांतच उथळ पण वेगवान घाव घालायचा. शत्रूला अणुबॉम्ब काढायला निमित्त मिळू नये इतकाच तो खोल. पाकिस्तानने उत्तरादाखल ६० किलोमीटर पल्ल्याचं ‘नस्र’ क्षेपणास्त्र पुढे केलं, त्याची पहिली चाचणी २०११ ची.

सरकारने बरीच वर्षं या नावाला दुजोरा दिला नाही. २०१७ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी उघडपणे मान्य केलं. जुलै २०२५ मध्ये द्रासला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी ‘रुद्र’ ब्रिगेड जाहीर केल्या. पायदळ, रणगाडे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री, तोफखाना, विशेष दलं आणि ड्रोन एकाच ब्रिगेडमध्ये. माझ्या मते हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. आणि चौधरींच्या चार गटांची यादी बाजूला ठेवून पाहिली तर फार परकाही वाटत नाही.

जड रणगाडा चांगला की हलका?

रस्ता, पूल आणि माती विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

पट्ट्यांमुळे रणगाड्याचं वजन पसरतं. टी-७२ सुमारे ४१ टनांचा, तरी जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला एक किलोपेक्षा कमी दाब टाकतो. साध्या मोटारीच्या टायरचा दाब याच्या दुपटीहून जास्त. म्हणून तो शेतातून जातो. पण पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत हा हिशोबही कोसळतो, आणि पुलाला तर सगळं वजन एकदमच उचलायचं असतं. आपल्या देशी अर्जुन रणगाड्याचं वजन साठ टनांच्या घरात गेलं तेव्हा पंजाबातल्या पुलांचा आणि रेल्वे वाघिणींचा प्रश्न निघाला तो याचसाठी. लडाखसाठी म्हणून २५ टनांचा ‘जोरावर’ डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रोने केला आणि जुलै २०२४ मध्ये दाखवला. चिलखत पातळ आहेच. तो सौदा ठरवून केलेला आहे.

युक्रेननंतर रणगाड्यांचे दिवस संपले का?

हे १९७३ नंतरही म्हणत होते. तरी या वेळचा फरक मी हलक्यात घेत नाही.

फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या उत्तरेला रशियन वाहनांची कित्येक किलोमीटर लांब रांग रस्त्यावर अडकली. वितळत्या बर्फाचा चिखल, बाजूला उतरायची सोय नाही, इंधन संपत आलेलं, पायदळ थोडं आणि झाडीत जॅव्हलिन ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं घेऊन बसलेले युक्रेनी. तिथपर्यंत सगळं जुनंच होतं, नळदुर्गला जे घडू दिलं नाही ते तिथे घडलं. नवीन आलं ते पुढे. स्वस्त ड्रोन, कॅमेऱ्यातून बघत थेट रणगाड्याच्या टोपीवर आपटवायचे. रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं, वरची बाजू पातळ. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखला अझरबैजानने तुर्की ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे टिपले तेव्हाच ही चाहूल लागली होती. आता दोन्ही बाजू रणगाड्यांवर लोखंडी जाळ्या बसवतात, ड्रोनचा रेडिओ जॅम करतात आणि समोरचा वायरवरून चालणारा ड्रोन आणतो.

कठीण प्रश्न वेगळाच आहे. यांत्रिकी युद्धाचा पाया म्हणजे एका जागी गुपचूप एकवटणं. वर सतत डोळे असतील तर शंभर रणगाडे लपवायचे कुठे? त्याचं पक्कं उत्तर आज कुठल्याच सैन्याकडे नाही. रणगाडा टिकेल असं मला वाटतं, कारण माऱ्याखाली चालत जाऊन खंदक घेणारं दुसरं वाहन अजून निघालेलं नाही. पण तो विखुरलेला, ड्रोन आणि जॅमर बरोबर घेऊन चालणारा असेल. सध्याचा काळ १९१६ आणि १९४० च्या मधला आहे असं समजा.

सोलापुरात लष्करासाठी काही बनतं का? रणगाडे?

रणगाडे नाहीत. ते चेन्नईजवळ आवडीला. बीएमपी मात्र आपल्याच हैदराबाद रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, संगारेड्डीजवळ येड्डूमैलारमला बनतात. कारखाना मेदकच्या नावाने ओळखला जातो. सोलापूरची ओळख चादर, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांची.

मुलांना प्रत्यक्ष रणगाडे दाखवायचे तर जवळ कुठे?

अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर. टेंभुर्णी-करमाळ्यावरून गेलं तर एका दिवसात जाऊन येता येतं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचंही तिथेच. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपासून सेंच्युरियन, पॅटन आणि विजयंतापर्यंत पाहायला मिळतं. शर्मन शोधून त्याच्या शेजारी उभे राहा, किती उंच आहे ते पाहा, मग हा उसात कसा दडवला असेल याचा विचार मुलांना करायला सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा, परिसर लष्कराचा आहे.

नगरजवळच के. के. रेंज हा गोळीबाराच्या सरावाचा पट्टा आहे. तिथे हौस म्हणून शिरू नका आणि मुलांना भंगाराचा तुकडाही उचलू देऊ नका. न फुटलेले गोळे वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात.